गोधडीचे खाचर

सापगाव मागे टाकून मुरबाडकडे निघालेला रस्ता जिथे नाल्याच्या मोरीवरून वळतो, तिथे उजव्या हाताला जानकीबाईंचे भाताचे खालचे खाचर आहे. रस्त्याला इतके लागून, की एसटीच्या खिडकीत बसलेली माणसे त्याची पारख करतच पुढे जातात. कुणाची भाताची लावणी, म्हणजे आवणी, उरकली, कुणाची रखडली, कुणाच्या भातावर पिवळेपणा चढला, हे सारे त्या खिडक्यांतून गावोगाव पोहोचते. जानकीबाईंना हे ठाऊक होते. खरे सांगायचे तर आवडतही होते.

ही जमीन सासऱ्यांनी, राघोबाबांनी घेतलेली. वाडवडिलांनी भाकरीसाठी दारोदार पसरलेले हात राघोबाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर कायमचे आवरले. खडी फोडली, धरणाच्या कामावर माती वाहिली, आणि वरचे व खालचे अशी दोन खाचरे पदरात पाडली. पहिले भात घरात आले त्या दिवशी दारातल्या नव्या सुनेला ते म्हणाले, "या घरातनं आता जाईल ते दुसऱ्याला द्यायला. हात पसरायचा नाय."

जानकीबाईंनी ते वाक्य अंगाखांद्यावर वागवले. दरवर्षी त्या गरजेपेक्षा मोठा राब, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा, भाजत. आवणी संपली की उरलेल्या रोपाच्या जुड्या बांधून रस्त्याकडच्या बांधावर ओळीने ठेवीत आणि मागे न पाहता घरी येत. ज्याचे रोप कमी पडले त्याने उचलावे, ही गावाची जुनी रीत. त्यात कोणी मागत नसे, कोणी देत नसे. देणाऱ्याने पाठ फिरवायची आणि घेणाऱ्याने मान खाली घालायची नाही, एवढेच.

यंदा होळीनंतर त्या ओट्यावरून पडल्या आणि उजवे मनगट मोडले. राबाचे सगळे काम सुनेवर आले. संध्या खर्डीची, रेल्वेत नोकरी करणाऱ्याची मुलगी. माहेरी खिडकीबाहेर भाताची शेते होती, घरात मात्र एक वाफाही नव्हता. ती शहापूरच्या एका दवाखान्यात नोकरी करी. सुट्टी काढून तिने जिद्दीने राब रचला. शेणाचा थर, त्यावर झाडाच्या फांद्यांचा टहाळ, त्यावर वाळल्या पानांचा पातेरा, गवत आणि शेवटी चाळल्यासारखी बारीक माती. जानकीबाईंनी गळ्यात अडकवलेल्या हातानिशी उभे राहून एकेक थर पाहिला होता. पण राब पेटवायच्या दिवशी नेमके त्यांना प्लास्टर काढायला जावे लागले.

संध्याने धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून वाऱ्याकडे पाठ केली आणि त्याच बाजूने काडी लावली. शहाण्या माणसाने जे करावे तेच तिने केले, आणि तिथेच चुकली. वाऱ्याला पाठीवर घेऊन आग नुसती धावत सुटली. पातेरा फुरफुरून गेला, माती मात्र तापली नाही. राब उलट्या बाजूने पेटवायचा असतो. आगीने वाऱ्याशी भांडत, रांगत, जमीन भाजत यायचे असते. तेव्हाच मातीतले तणाचे बी जळते.

परतलेल्या जानकीबाईंनी पायाच्या अंगठ्याने माती उकरली. वर राख होती. खाली मातीने आपला गारवा जपून ठेवला होता.

"कुठल्या अंगानं लावलास?"

संध्याने हात केला. जानकीबाईंनी उकरलेली माती अंगठ्यानेच सारखी केली आणि त्या घराकडे वळल्या. हे संध्याला फार लागले.

मृगात पेरलेल्या भाताबरोबर राबात तणही तरारून आले. मातीत निजलेले प्रत्येक बी जणू आमंत्रण मिळाल्यासारखे उठले. संध्या कामावर जाण्याआधी आणि आल्यानंतर इरले घेऊन राबात बसू लागली. पण कोवळेपणी तणाला आणि भाताला एकच चेहरा असतो.

"तण काढतेस का भात?" एका सकाळी जानकीबाईंनी तिची मूठ उलगडून आतली काडी दाखवली. "हा भात हाय गो. आपलाच जीव उपटतेस."

"मग मला ओळखायला शिकवा ना, आई. नुसत्या उभ्या नका राहू."

जानकीबाई चमकल्या. मग चिखलात फतकल मारून त्यांनी डाव्या हाताने तणाचे मूळ आणि भाताचे मूळ तिच्या तळहातावर शेजारी ठेवले.

तरीही व्हायचे ते झाले. वाचलेले रोप वरच्या खाचरापुरतेच निघाले. खालचे नांगरून, चिखल करून तयार होते आणि त्यात फक्त आभाळ उतरले होते. एसटी मोरीवर मंदावली की खिडकीतल्या माना त्या रिकाम्या पाण्याकडे वळत.

"सकुमावशीचं रोप उरणार हाय," मुरबाडच्या कारखान्यातली पाळी संपवून आलेला मुलगा रत्नदीप जेवताना म्हणाला. "मी बोलू का?"

"बोललास तर या घरात जेवू नको."

"आई, शेत ओसाड राहील."

"राहू दे. तुझ्या आजानं हात आखडला तो मी लांब करायची नाय."

संध्या ताटातली भाकरी नुसती मोडत राहिली.

दुसऱ्या सकाळी सासू-सुना खालच्या खाचराकडे गेल्या तेव्हा रस्त्याकडच्या बांधावर रोपाच्या जुड्या ओळीने ठेवलेल्या होत्या. काही गर्द हिरव्या, काही पोपटी, काही वीतभर, काही गुडघ्याएवढ्या. स्पष्टच होते की त्या एका घरच्या नव्हत्या. शेजारची सकुबाई शेवटची जुडी ठेवून पाठ फिरवत होती. ती जुन्या कुणबी घरातली, जानकीबाईंच्याच वयाची.

जानकीबाई सुनेकडे वळल्या. "तू सांगितलंस?"

"तिनं कशाला सांगाया पायजे?" सकुबाईनेच उत्तर दिले. "रिकामा खाचर रस्त्यावरनं दिसत नाय व्हय? आंधळी हाय का मी?"

"मी मागितलं नाय, सकू. घेऊन जा."

"मी तरी कवा मागितला व्हता? माझा पोरगा नवसू अंथरुणाला खिळला त्या साली तुझ्याच बांधावरनं जुड्या उचलल्या. आता नीट सांग मला. तवा मी हात पसरला व्हता का गो?"

हो म्हणावे, तर इतकी वर्षे बांधावर ठेवलेली प्रत्येक जुडी भीक ठरत होती आणि ती उचलणारे प्रत्येक घर भिकारी. नाही म्हणावे, तर समोरचे रोप उचलण्यावाचून गत्यंतर नव्हते. राघोबाबांचे वाक्य त्यांनी पुन्हा आठवून पाहिले. हात पसरायचा नाही. पण हात पसरणे आणि हात पुढे करणे यांतले अंतर इतक्या आवण्यांनंतरही त्यांनी कधी मोजले नव्हते.

"नाय," त्या म्हणाल्या. "नव्हतास पसरला."

"मग वाकून उचल. का कंबरपण मोडली मनगटासंगट?"

जानकीबाई हसल्या, पदर खोचला आणि वाकल्या. संध्या आधीच चिखलात उतरली होती.

श्रावणात खाचर गच्च भरले, पण असे शेत गावाने पाहिले नव्हते. कुठे कोलम, कुठे झिणी, कुठे रत्ना. जितकी घरे तितके हिरवे. आश्विनात तर कहरच झाला. लवकर येणारे हळवे भात पिकून लोळले तरी उशिरा येणाऱ्या गरव्याने मान टाकली नव्हती. कापणीचे यंत्र लावणे शक्यच नव्हते. संध्या दर रविवारी विळा घेऊन पिकलेला तेवढा तुकडा कापी आणि बाकीच्या भातावरून पाखरे हाकी.

एकदा प्रवाशांनी भरलेली जीप मोरीवर थांबवून गावातलाच रघू ओरडला, "जानकी आजी, शेत हाय का गोधडी?"

जीपमध्ये हशा पिकला. जानकीबाई कमरेवर हात ठेवून सावकाश रस्त्यापर्यंत आल्या.

"गोधडीच हाय. एकेका घरचं ठिगळ हाय त्यात. तुझ्या आयशीचंपण हाय. तो बघ मोरीजवळ, सगळ्यात बुटका."

आता हशा रघूवर फिरला. जीप गेली तरी त्या तिथेच उभ्या राहिल्या. त्या डाग पडलेल्या, उंचसखल शेताकडे एखाद्याने घराण्याच्या नावाकडे पाहावे तशा पाहत.

त्या मिसळलेल्या भाताचे बियाणे करता आले नाही. ते घरातच खाल्ले. शिजवताना काही शिते गाळ होत, काही टणक राहत. रत्नदीप कुरकुरला. "चावून खा," जानकीबाई म्हणाल्या, "गाव हाय तो."

वैशाखात पुन्हा राब रचला गेला. संध्याने चिमूटभर धूळ उचलून हवेत सोडली, ती कुठे जाते ते पाहिले आणि वळसा घालून पलीकडे, थेट धुराच्या तोंडी जाऊन बसली. काडी ओढली. आग अडखळली, मग वाऱ्याला छाती देऊन इंच इंच सरकू लागली. संध्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते, पण ती जागची हलली नाही.

बांधावरून जाणारी सकुबाई थबकली. "येवढा मोठा राब? दोन खाचरांना?"

ऐनाच्या झाडाच्या सावलीत बसलेल्या जानकीबाईंनी सुनेकडे बोट केले. "मी नाय रचला. तिला इचार."

धुराच्या आतून खोकत खोकत आवाज आला, "बांधावर ठेवायला नको का, मावशी?"