भविष्यकाळाच्या तक्त्याचा संताप

मी एक जुना तक्ता आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

पाट्या रंगवणाऱ्या एका कारागिराने मला जाड कापडावर रंगवलं. इंग्रजीत उद्याबद्दल बोलायच्या चार रीती त्याने चार ओळींत मांडल्या. बोलता बोलता ठरवलं किंवा वचन दिलं, तर ‘विल’. आधीच मनात योजलं असेल, तर ‘गोइंग टू’. कुणाशी भेट ठरली असेल, तर चालू वर्तमानकाळ. गाडी सुटायची वेळ सांगायची, तर साधा वर्तमानकाळ. देवाने माणसाला उद्या दिला तो एकच. पण त्याबद्दल बोलायच्या वाटा किती! मला माझाच अभिमान वाटे.

मोठ्या माणसांच्या संध्याकाळच्या वर्गात मला टांगलं. सर छडी टेकवत, वर्ग एका सुरात ओळ म्हणे. एकदा तपासनीस आले. तो सूर ऐकून म्हणाले, “वा! एकही चूक नाही!” तिथेच घात झाला. त्या दिवसापासून सरांनी कुणाला स्वतःचं वाक्य बोलू दिलं नाही.

वर्गात एक मावशी होती. रुग्णालयाच्या धुलाईघरात ओल्या चादरी उचलून तिची कंबर गेली होती. चौकशीच्या खिडकीवर बसायचं काम मिळणार होतं, पण इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यावी लागे. संधी दोनच. मी तिला वरपासून खालपर्यंत मुखोद्गत होतो.

परीक्षा देऊन ती तडक वर्गात आली.

“काय मावशी, गड सर केलात ना?” कुणीतरी विचारलं.

“कसला गड! साहेबांनी विचारलं, रविवारी काय करणार? मी अख्खा तक्ता म्हणून दाखवला, उदाहरणांसकट! ‘माझी गाडी सहाला सुटते’ असंही म्हणाले मी. कुठली गाडी? मी मेली चालत जाते!”

वर्ग हसला. ती हसली नाही.

सर म्हणाले, “पण चूक एकही झाली नाही ना?”

माझा काय संताप झाला म्हणता! हात असते तर छडी मीच मोडली असती.

मावशीने खुर्ची ओढली, वर चढली आणि मला काढून तोंड भिंतीकडे करून टांगलं.

“आता विचारा. रविवारचंच.”

“अहो मावशी, पण...”

“विचारा म्हणते ना!”

सरांनी विचारलं. ती अडखळत, चुकत इंग्रजीत बोलू लागली. म्हाताऱ्या आईला न्हाऊ घालणार आहे. दुपारी बहीण यायची ठरली आहे. आणि संध्याकाळी? संध्याकाळी मी काहीही उचलणार नाही! चूक दाखवायला सरांची छडी दोनदा वर गेली, दोनदा तशीच खाली आली.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. आता खिडकीवर बसते. पण तिच्याआधी कितीजण माझ्या ओळी घोकून हात हलवत परतले, ते आठवलं की माझं कापड तापतं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटका, फाटलो तर टाका घाला. पण कुणी तुमची विचारपूस केली, तर देवाने दिलेल्या जिभेवर मला बसवू नका. चुकलात तरी चालेल, तुमचं तुम्ही बोला.