पठारावर नेऊन ठेवलेला ड्रम

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी ड्रम आहे. माझा हिरवा रंग बराच उडाला आहे, बुडाशी गंज धरला आहे आणि एका बाजूला मोठा पोचा आहे. जवळ आलात तर तुम्ही नाक दाबाल. दाबा, मला त्याचे वाईट वाटत नाही. पण थोडा वेळ थांबा. मला तुम्हाला एका चुकीची गोष्ट सांगायची आहे. ती चूक चांगल्या माणसांनी केली, आणि ती चूक म्हणजे मीच.

मला समजायला लागले तेव्हा मी कागलच्या एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात होतो. माझ्या पोटात यंत्रांना लागणारे तेल असे. ते संपल्यावर कोणीतरी माझे झाकण कापून काढले आणि मला मागच्या भिंतीशी उभे केले. तिथे मी दोन पावसाळे काढले. आत पाणी साठे, बेडूक येत आणि जात.

त्या कारखान्यात गुरुसिद्धअण्णा फोरमन होते. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अण्णा, त्यांच्या हाताखालचा वेल्डर संगमेश, पेठ वडगावच्या आदितीबाई आणि आणखी सात-आठ जण पन्हाळ्याच्या पलीकडच्या डोंगरवाटांवर कचरा वेचायला जात. वेफरची पाकिटे, पाण्याच्या बाटल्या, फाटके रेनकोट. सगळे करवंदीच्या काटेरी जाळ्यांतून ओढून काढायचे, पोत्यात भरायचे आणि पाठीवर घेऊन खाली उतरायचे. पुढच्या महिन्यात तितकाच कचरा पुन्हा तयार. अण्णांची कंबर दुखू लागली होती. सगळा कचरा एका जागी पडला तर निम्मे काम वाचेल, असे त्यांच्या मनात आले, आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

त्यांनी छिन्नीने माझ्या बुडाला भोके पाडली, म्हणजे पाणी साठणार नाही. संगमेशने मला हिरवा रंग दिला आणि पांढऱ्या अक्षरांत लिहिले, ‘कचरा येथे टाका’. जागा पुरली नाही, म्हणून शेवटचा ‘टाका’ अगदी बारीक झाला. मग मला बांबूला बांधून चौघांनी खांद्यावर घेतले. दोन तासांची उभी चढण होती.

“अण्णा, मयताला बी एवढं ओझं नसतंय,” संगमेश धापा टाकत म्हणाला.

“मयत गप असतंय. तू बोलाय लागलायस म्हणून जड वाटतंय,” अण्णा म्हणाले.

एका खडकाच्या पायरीवर त्यांचा पाय घसरला आणि मी आपटलो. माझा पोचा तेव्हाचा.

वर पठारावर धनगरांची चार घरे आहेत. त्यातल्या बाळाबाईंच्या घराजवळ, वाटेच्या कडेला मला उभे केले. बाळाबाई साठीच्या आहेत. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेलेला, घरात त्या आणि त्यांची तांबू नावाची गाय. तांबू गाभण होती. बाळाबाईंनी सगळ्यांना ताक दिले आणि मला एकदा पायापासून वरपर्यंत पाहिले.

“पावणं, ह्यो भरल्यावर कोण रिकामा करणार?”

“आम्हीच की मावशी. दर महिन्याला येतोय न्हवं.”

“म्हैन्याला?” त्या म्हणाल्या. “बरं. तुमचं तुम्ही बघा.”

सुरुवातीला मला फार अभिमान वाटे. लोक थांबत, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. ‘डोंगरावर डबा, वा!’ असे म्हणत. कारखान्याच्या मागच्या भिंतीशी मला कोणी ‘वा’ म्हटले नव्हते.

मग पावसाळा आला. दर शनिवारी, रविवारी माणसांच्या रांगाच पठारावर येऊ लागल्या. मी दोन रविवारांत काठोकाठ भरलो. तरी लोक थांबेनात. माझ्या तोंडावर पत्रावळ्यांचा ढीग झाला, मग पायाशी झाला. एक गोष्ट मी पाहिली, मित्रांनो. जो माणूस पाकीट पुन्हा आपल्या पिशवीत कोंबत होता, तोही मला बघून थांबे, ते माझ्यापाशी ठेवी आणि हलक्या मनाने पुढे जाई. पठारावरच्या वाऱ्याला माझी अक्षरे वाचता येत नव्हती. तो येई आणि सगळे उधळून देई. ऑगस्टमध्ये वाटेवरच्या ओढ्याला इतके पाणी होते की अण्णांची माणसे येऊच शकली नाहीत.

आणि तांबू यायची. शिळ्या पुरीभाजीचा वास तिला लांबून लागे. ती माझ्यापाशी येऊन पिशवीसकट खाऊ लागली. बाळाबाई काठी घेऊन धावत, तिला हाकलत. पण पाणी आणायला तर त्यांना झऱ्यावर जावेच लागे. तेवढ्यात ती परत येई. मला हात नाहीत, आवाजही नाही. तिचे तोंड माझ्या आत आणि मी नुसता उभा. उभे राहणे इतके शिक्षेसारखे मला भिंतीशीही कधी वाटले नव्हते.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी माणसे वर आली तेव्हा तांबू अंगणात पडून होती. तीन दिवस तिने चारा खाल्ला नव्हता. रवंथ बंद होते आणि डावी कूस फुगली होती. बाळाबाईंनी त्या दिवशी कोणाला पाणीही विचारले नाही.

“पावणं, तुमच्या ड्रमानं माझी गाय खाल्ली,” त्या म्हणाल्या.

आदितीबाई खाली बसल्या. “मावशी, डॉक्टरांना बोलावलं का?”

“त्यो वर यून काय करणार? कापावं लागंल, खाली आणा म्हणतोय. शेजारची समदी म्हातारी-कोतारी. मी एकटी कशी नेऊ तिला?”

त्या दिवशी कोणीही पोते उघडले नाही. सगळे मिळून तांबूला उठवून, आधार देत खाली घेऊन गेले. दोन तासांच्या वाटेला पाच तास लागले. पुढचे मी नंतर त्यांच्या तोंडून ऐकले. डॉक्टरांनी तिच्या पोटातून घमेलेभर प्लास्टिक काढले. तांबू वाचली, पण तिचे वासरू वाचले नाही. त्या वर्षी बाळाबाईंच्या घरी दूध नव्हते.

ऑक्टोबरमध्ये माणसे पुन्हा वर आली. संगमेश मोजपट्टी घेऊनच आला होता.

“अण्णा, झाकण बसवू. बिजागरी मी वेल्ड करतो. आणि जोडीला आणखी एक ड्रम आणू.”

अण्णांनी त्याची मोजपट्टी बाजूला सारली. मग म्हणाले, “झाकणावर ठेवून जातील, संगमेश. मी चुकलो. कारखान्यात मशीनपाशी डबा ठेवायची सवय, ती मी डोंगरावर घेऊन आलो. तिथं संध्याकाळी झाडूवाला येतोय. इथं कोण हाय?”

“मी हाय की,” बाळाबाई दारातून म्हणाल्या. “दोन म्हैनं सकाळ-संध्याकाळ मीच येचत हुते. तुम्हाला काय म्हाईत.”

अण्णांनी पायातली चप्पल काढली, बाळाबाईंपाशी जाऊन हात जोडले आणि परत येऊन मला खाली न्यायला बांबू उचलला.

मला बांधत असताना वाटेने एक जाडजूड गृहस्थ आले. हातात रिकाम्या बाटल्यांची पिशवी होती.

“अहो, डबा कुठं नेताय? आता हे मी कुठं टाकू?”

“वर कशातनं आणलं?” अण्णांनी विचारले.

“ह्याच पिशवीतनं.”

“मग खाली बी त्यातनंच जाऊ दे की.”

गृहस्थ पुटपुटत पुढे गेले. पिशवी मात्र त्यांच्या हातातच होती. पुढे वळणापलीकडे त्यांनी काय केले, ते मला दिसले नाही.

आता मी डोंगराच्या पायथ्याशी, एसटीच्या थांब्याजवळ उभा आहे. इथे दर सोमवारी कचऱ्याची गाडी येते, म्हणून इथे माझा उपयोग आहे. संध्याकाळी माणसे डोंगर उतरून येतात. काहींच्या पिशव्या फुगलेल्या असतात, काहींच्या अगदी रिकाम्या. रिकामी पिशवी पाहिली की मी आणखी थकतो. वर कोणाला तरी ते वेचावे लागणार, हे मला ठाऊक असते.

मित्रांनो, तुम्हीही कधी तरी त्या वाटेने जाल. वर डबा दिसला नाही, म्हणून रागावू नका. खाऊने भरलेले पाकीट तुम्ही डोंगरावर चढवता, आणि रिकामे झाल्यावर ते त्याहून कितीतरी हलके असते. तेवढे ओझे तुम्ही खाली आणा. पुढचे मी सांभाळतो.