सोडलेला शब्द

दादाला सगळे भोवरा म्हणत. पुलाखालच्या रिंगणात उभा राहिला, की बोलता बोलता जागच्या जागी गिरकी घ्यायचा. "टोपी उलटी घालून कविता म्हणायची, त्याला म्हणे रॅप," असं म्हणत आई नाक मुरडायची आणि दाराआड उभी राहून ऐकायची. तो जाऊन आठ महिने झाले.

आमच्या रिंगणाचा एक कायदा होता. म्हणणाऱ्यानं शेवटचा शब्द ओठांतच सोडायचा, समोरच्यानं तो झेलायचा. बरोबर झेलला, तर सगळं कडवं पहिल्यापासून पुन्हा. चुकला, तर म्हणणारा आणखी एक शब्द मागं घेणार. जितक्या चुका, तितकं कडवं आखडत जायचं. दादाचे शब्द कायम मीच झेलायचे.

शेवटचं कडवं त्यानं एकट्यानंच रेकॉर्ड केलं होतं. एका बुटांच्या कंपनीला ते जाहिरातीसाठी हवं होतं. आईनं सही केली. "घराघरात ऐकू येईल गं तो," म्हणाली. "आपल्याही."

म्हणून त्या दुपारी मी स्टुडिओत उभी होते. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाले काका आणि कंपनीच्या मॅडम. हेडफोनमध्ये दादा:

मागं गेली वाट पुसून, वर ना एक तारा
दारावरती थाप माझी, मागतो मी…

"एक शब्द राहिलाय त्याचा," मॅडम म्हणाल्या. "आपल्या बुटाचं नाव 'वारा'. यमकसुद्धा जुळतं बघ. बहिणीच्या आवाजात तेवढं आलं, की लोक रडतील."

राहिला नव्हता, सोडला होता. आणि खरा शब्द मला ठाऊक होता. पण आई डोळ्यांपुढं आली. मी म्हटलं, "वारा."

"छान. अजून एकदा, जरा हसून."

पुन्हा दादा. दारावरती थाप माझी, मागतो…

'मी' आलाच नाही. मी कसंबसं म्हटलं, "वारा."

"गोड आहे, पण जरा दम हवा. अजून एकदा."

दारावरती थाप माझी…

काकांनी हात वर केला. "मॅडम, फाईल लहान होतेय. मी बोटसुद्धा लावलेलं नाही."

"दुसरी प्रत लावा ना."

लावली. तीही तेवढीच. दारावरती थाप माझी… आणि मग ती शांतता. मला चांगली ओळखीची. कोणीतरी ओठ मिटून माझ्या तोंडाकडे बघतंय, अशी.

हा मशीनचा घोटाळा नव्हता. दादा रिंगणाच्या कायद्यानं चालला होता.

खरा शब्द जिभेवर होता. उच्चारला असता, तर सगळं कडवं परत आलं असतं, आईला तिचा लेक ऐकू आला असता. आणि मॅडमनी त्या शब्दावर बूट ठेवला असता. रोज, दर दहा मिनिटांनी, घराघरात.

"वारा," मी म्हटलं.

'माझी' गेलं.

"वारा." 'थाप' गेली. दार गेलं. तारा गेला. मॅडम काचेवर बोटं आपटत होत्या, काका घाम पुसत होते, आणि दादा शब्दाशब्दानं मागं सरत होता. कुठं घाई नाही, की राग नाही. थांबायचा मात्र दर वेळी आधीपेक्षा जास्त वेळ.

शेवटी एकच उरला. मागं…

इतक्या जवळून, की मी वळून पाहिलं. मागं फक्त भिंत होती.

मी डोळे मिटले. "वारा," म्हटलं. आवाज फाटला.

मग हेडफोनमध्ये काहीच नाही. श्वाससुद्धा नाही.

"गेलं सगळं," काका म्हणाले.

मॅडमनी पर्स उचलली. "असू दे. त्याच्यासारखा आवाज काढणारे छप्पन्न मिळतील." आणि फोन कानाला लावून बाहेर गेल्या.

काका आत आले, माझ्या कानांवरचे हेडफोन हळूच उतरवले. "पोरी, खरा शब्द कुठला होता गं?"

त्यांच्यामागं काचेपलीकडे पडद्यावरची रेघ सपाट होती, पण मशीन चालूच होतं. ऐकत होतं.

मी नकारार्थी मान हलवली. तो शब्द साधा आहे, रोजच्या बोलण्यातला. आता भाजीवाल्याशी बोलताना, झोपेत बरळताना, आईला समजावताना, सगळीकडे मला तो टाळायचा आहे.

"सांगितला, तर दादा परत येईल," मी म्हटलं. "आणि आला, तर तुमच्या या मशीनमध्येच येईल."