पाठीवरचं औषध

मी एक जुना फवारणी पंप आहे. माझं निळं पोट उन्हाने फिकटलंय, खांद्याचे पट्टे विरलेत आणि पडवीतल्या खिळ्याला लटकून मी हे बोलतोय. मित्रांनो, कंटाळू नका. मनावर ओझं आहे, कुणाला तरी सांगायलाच हवं.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी असा चकचकीत होतो की दुकानदाराने मला दारातच मांडलं. मालकांनी मला पाठीवर चढवलं, दांडा हलवून पाहिला आणि म्हणाले, हाच द्या. मग काय विचारता! वांगी, कोबी, टोमॅटो, माझ्या तुषारातून काही सुटलं नाही. मावा गेला, अळी गेली, बिचाऱ्या मधमाश्याही गेल्या. लोक म्हणायचे, मालकांनी औषध मारलं. औषध! हा शब्द ऐकला की माझी छाती फुगायची. मी स्वतःला झाडांचा डॉक्टरच समजायचो.

मग मालकीणबाईंनी नवंच खूळ काढलं. त्या अळ्या पाळू लागल्या. होय, अळ्या! एका काळ्या, सडपातळ माशीच्या. ही माशी ना चावते, ना आपल्या ताटावर बसते. पडवीत टबांची रांग लागली. खाणावळीतलं खरकटं, बाजारातला सडका भाजीपाला त्यात पडायचा आणि अळ्या तो बघता बघता फस्त करायच्या. पोसलेल्या अळ्या कोंबड्यांना, उरलेला भुगा शेताला. विकतचं खत थांबलं, भुग्याने झाडं जोम धरू लागली तसं औषधही थांबलं आणि मी खिळ्यावर गेलो. खोटं कशाला बोलू, मला त्या अळ्यांचा हेवा वाटायचा. जन्मभर ज्यांना मारलं, त्यांचेच लाड चालले होते.

शेजारच्या काकूंना मात्र धास्ती होती. घाण सुटली तर हे सगळं उचलायचं, असं त्यांनी बजावलं होतं आणि बाईंनी ते कबूल केलं होतं.

कडक उन्हाळ्यात बाई लेकीकडे गेल्या. टब कोरडे पडू देऊ नका, हाताने पाणी शिंपडा, असं सांगून गेल्या. मालकांना वाटलं, हाताने कुठे नीट भिजतंय? पंपाने कसं एकसारखं होईल. बायकोने परत येऊन शाबास म्हणावं, एवढीच हौस. त्यांनी मला साबणाने घासलं, पुन्हा पुन्हा विसळलं, पाणी भरलं. पण माझ्या नळीत, रबरात जुनं औषध मुरलेलं होतं आणि ते मला ठाऊक होतं. ओरडणार कसा? तोंड होतं ते एकच, आणि त्यातूनच ते बाहेर पडत होतं. शेवटच्या टबापाशी माझा दाब गेला. मालकांनी वैतागून तिथे तांब्याने पाणी शिंपडलं.

बाई आल्या तेव्हा शेवटचा टब सोडून बाकी सगळ्या अळ्या निपचित पडल्या होत्या आणि खरकटं आंबून घाण सुटली होती. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. बाई स्वतःलाच बोल लावत होत्या, मीच गेले नसते तर हे झालं नसतं म्हणत होत्या. मालक खांबाला टेकून उभे होते. नासाडी नको म्हणून बाईंनी मेलेल्या अळ्या सुपात भरल्या आणि त्या कोंबड्यांकडे निघाल्या.

"अगं, थांब," मालक म्हणाले. "त्या घालू नकोस. मी पंपाने पाणी मारलं. धुतला होता गं चांगला."

बाईंनी सूप खाली ठेवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"अहो, औषध औषध म्हणता म्हणता आपण विसरलोच," त्या म्हणाल्या. "ते विष आहे."

मालकांनी काकूंपुढे हात जोडले. चूक माझी आहे, हिला बोलू नका, म्हणाले. काकूंचा आवाज खाली आला. एक टब जगलाय तो राहू दे, पण वास आला तर बघा, असं पुटपुटत त्या गेल्या. त्या टबातल्या अळ्यांच्या माश्या झाल्या, माश्यांनी अंडी घातली आणि पडवी पुन्हा भरली.

मालक आता रोज स्वतः खरकटं आणतात, हातानेच पाणी शिंपडतात. मला कुणी रागावलं नाही, तेच जास्त लागतं. त्यांनी निदान तोंडाने कबूल केलं. मी कुणापुढे करू?

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला म्हणतात, आम्हाला टाकू नका, दुरुस्त करा. माझं मागणं उलटं आहे. रबर बदललं की हा अजून चालेल, असं कुणी म्हणालं तर त्याला अडवा. माझ्यात पाणी भरू नका. माझ्या पोटात गेलेलं पाणी, पाणी राहत नाही.