सात मिनिटांचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे, पण शाळेत टांगतात तसला नाही. खाणीत धातू काढून उरलेला ओला गाळ डोंगरात एका मातीच्या बांधामागे साठवला होता. तो बांध फुटला तर खालच्या वस्तीचं काय होईल, एवढंच सांगायला माझा जन्म झाला. अशा कामासाठी जन्मलेल्याच्या स्वभावात गोडवा कुठून येणार?

मला घडवलं मोजणीवाल्या ताईंनी. त्यांनी घरोघरच्या माणसांना टेकडीपर्यंत चालायला लावलं आणि स्टॉपवॉच धरलं. म्हणून माझ्यावर प्रत्येक घरापाशी दोन आकडे आहेत. किती मिनिटांत घर आणि टेकडीची वाट गाळाखाली जाईल, तो काळा. घरातलं सर्वांत हळू चालणारं माणूस किती मिनिटांत वर पोहोचेल, तो तांबडा. शिवणकाम करणाऱ्या मावशी एकट्या राहत आणि त्यांचा गुडघा धरलेला होता. त्यांचा काळा सात, तांबडा अकरा.

"तुमच्यासारख्यांना वर जागा द्या, असं मी अहवालात लिहिलंय," ताई म्हणाल्या.

"आणि जागा मिळेपर्यंत?"

ताईंनी स्टॉपवॉच खिशात टाकलं.

खाणीच्या कचेरीत माझं फार कौतुक झालं. मला काचेची चौकट आणली, पण ती चार बोटं आखूड निघाली. मग शिपायाने माझी खालची पट्टी मागे दुमडली. आकड्यांचा अर्थ नेमका त्याच पट्टीवर लिहिलेला होता. पुढे ताईंची बदली झाली, साहेबही बदलले, आणि मी घड्याळाखाली मुका लटकत राहिलो.

दीड वर्षाने मावशी कचेरीत आल्या. जागा मिळाली नव्हती, म्हणून त्या रोज सकाळी टेकडी चढत होत्या.

"साहेब, माझा आकडा बदला. अकराचे नऊ केलेत मी."

नव्या साहेबांनी मला न्याहाळलं. "घर नंबर असा बदलता येत नाही, मावशी."

"घर नंबर नाही हो, मिनिटं आहेत ती."

"कुठे लिहिलंय तसं?"

मावशींनी काचेला नाक लावून शोधलं. कुठेच नव्हतं. माझी लाज मलाच ठाऊक.

एका मंगळवारी भर दुपारी बांध फुटला. मावशी शिलाई टाकून लगेच निघाल्या होत्या, त्यांचा आकडा आता आठवर आला होता, असं त्यांची शेजारीण रडत सांगत होती. गाळ सातव्या मिनिटाला आला. मावशी शेवटच्या वळणाखाली सापडल्या.

चौकशीला आलेल्यांनी मला चौकटीतून काढलं आणि पट्टी उलगडली. "वा, काय अचूक काम आहे," एकजण म्हणाला. इतकं वाईट मला धूळ खातानाही वाटलं नव्हतं.

मित्रांनो, नकाशे जपून ठेवा असं मी सांगणार नाही. मला तर काचेत जपलं होतं. आमच्याकडे पाहून वेळेवर उठा, एवढंच म्हणतो, पण ऐकणारं कुणी असेल असं आता वाटत नाही. मला नवी, पुरेशी मोठी चौकट करायला टाकली आहे. मावशींच्या घरापाशी अजून अकराच लिहिलेले आहेत. त्यावर काट मारून आठ करावेत, एवढंही कुणाला सुचलेलं नाही.