एक्केचाळीस डाउनलोड

संमेलनाच्या दारात गळ्यात घालायला कार्ड देत होते. त्यावर खरं नाव नको, इंटरनेटवरचं टोपणनाव लिहा म्हणाले. मी 'टाचणी' लिहिलं. पस्तीस वर्षं शिलाई मशीनवर काढलेली बाई मी, अशा जागी पहिल्यांदाच आले होते. ब्लॉग लिहिणारे आणि सगळ्यांसाठी फुकट सॉफ्टवेअर बनवणारे, अशा दोघांचा मेळावा. जिकडे बघावं तिकडे लॅपटॉप, आणि एकाच्याही शर्टाचा खांदा जागेवर नाही.

"आई, लोकांचे कपडे बघू नका," सूनबाई कानाशी पुटपुटली. मला ओढून आणलं होतं तिनेच.

मला एकालाच गाठायचं होतं. त्याचं टोपणनाव कासव. मापं भरली की कापडावर ठेवायचा कागदी पॅटर्न छापून देणारा प्रोग्राम त्याने एकट्याने लिहिला होता. सहा वर्षं मी तो वापरतेय, आणि ब्लॉगवरून इतर शिंप्यांनाही शिकवतेय. त्याचे आभार मानायचे होते आणि भांडायचंही होतं, कारण माणसाचे दोन्ही खांदे सारखे असतात असं तो प्रोग्राम धरून चालतो.

इथे कार्यक्रम आधी ठरत नाहीत. ज्याला बोलायचंय तो विषयाची चिठ्ठी भिंतीवर लावतो, ऐकणारे त्यावर हिरवे ठिपके चिकटवतात. ठिपके जास्त, तर खोली मोठी. एका कोपऱ्यात दिसलं : 'शिवणाचा प्रोग्राम बंद करताना – कासव'. एकही ठिपका नव्हता.

खोली सगळ्यात लहान, खुर्च्या दहा, माणसं पाच, त्यातली दोन मोबाइल चार्ज करायला आलेली. कासव चाळिशीचा, खाली मान घालून बोलणारा.

"वापरणाऱ्यांवर पाळत ठेवायची नाही हे माझं तत्त्व," तो म्हणाला. "त्यामुळे ते किती आहेत, मला कळत नाही. साइटवरचा डाउनलोडचा आकडा तेवढा दिसतो. दोन वर्षांत एक्केचाळीस. तक्रारसुद्धा एक नाही. कुणाला नकोच असेल तर सांभाळायचं कशाला? आज संध्याकाळी साइट बंद करतोय."

आकडा एवढासाच का, ते मला ठाऊक होतं. त्याची साइट फार हळू उघडायची, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी प्रोग्रामची प्रत माझ्या ब्लॉगवर ठेवली होती. वर ठसक्यात लिहिलं होतं, 'माझ्याकडूनच घ्या. अडलं तर त्या बिचाऱ्याला त्रास देऊ नका, मला विचारा.' केवढं पुण्य केलं असं वाटत होतं मला!

"आई, उठा," सूनबाई म्हणाली.

"कुठल्या तोंडानं?"

"आहे त्याच."

उठले. "बंद करू नका," म्हटलं, "घोळ माझा आहे." आणि सगळं सांगून टाकलं. सूनबाईने ब्लॉग पडद्यावर लावला. खाली बाराशे प्रतिक्रिया. कुणी लेकीचा फ्रॉक शिवलेला, कुणी दुकान टाकलेलं. एकीचा हात अपघातात अधू झालाय, तिला रेघ मारता येत नाही. तिने लिहिलं होतं, 'याच्यामुळे मी अजून शिंपीण आहे.'

ते कासवाने दोनदा वाचलं. आता हा आपली खरडपट्टी काढणार, असं मी धरूनच चालले होते.

"यातल्या एकानेही मला का नाही कळवलं?" त्याने विचारलं.

"अहो, शर्ट नीट बसला हे सांगायला कुणी शिंप्याकडे परत जातं का?"

तो हसला. मलाही धीर आला.

"पण तक्रार आहे," मी म्हटलं. "खांदे. रोज कुणीतरी विचारतं."

"दोन खांद्यांत असून असून किती फरक असणार, मावशी?"

मी पर्समधून टेप काढली. "उभे राहा. ताठ." भर खोलीत मापं घेतली. "लॅपटॉपची बॅग डाव्या खांद्यावर घेता ना? अर्धा इंच खाली गेलाय."

तो आरशात बघावं तसा खिडकीच्या काचेत बघत राहिला. मग लॅपटॉप उघडून बसला. मी सूनबाईला ब्लॉगवर लिहायला लावलं, 'माझ्याकडची प्रत काढून टाकली आहे. कासवाच्या साइटवरून घ्या. आणि ज्याचं नीट चाललंय, त्यानेही तसं त्याला कळवा.'

संध्याकाळी तो मला शोधत आला. फोन टिंग टिंग वाजतच होता.

"तीनशे सात पत्रं, मावशी. आजपासून मोकळा होईन म्हणत होतो."

"आता अडकलात."

"एकटा नाही अडकणार. तक्रारी वाचायला तुम्ही." त्याने लॅपटॉप पुढे केला. पडद्यावर दोन नवे रकाने होते, डावा खांदा आणि उजवा खांदा. "तपासायला खरं माप हवंय."

मी त्याचंच माप भरलं. प्रिंटरमधून त्याच्या शर्टाच्या पॅटर्नचे कागद निघाले, ते घडी करून मी पर्समध्ये ठेवले.

पुढच्या संमेलनात निदान एकाच्या तरी शर्टाचा खांदा जागेवर असेल.