पूकची सळी आणि लिटझोंचा कांदा

ऑस्ट्रेलियातल्या लॉकियर खोऱ्यातल्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर मर्विन पूक कांद्यावरून तांब्याची सळी फिरवत होता. "जमिनीचं दुःख मी ओढून घेतो! दुःख गेलं की अश्रू गेले!" कांदा त्याने बारीक चिरला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी नाक जवळ नेलं. एकीच्याही डोळ्यात टिपूस नाही.

"अगं बाई, हे तर सफरचंद!" बिचेलकाकू म्हणाल्या, आणि सळ्या घ्यायला रांग लागली.

त्या रांगेत म्हातारा ओटो लिटझो पुन्हा उभा दिसला तसं त्याच्या मुलीचं, इर्माचं, रक्त उसळलं. गेल्या हंगामात पूकने ओटोच्या शेतात सळ्या रोवल्या होत्या. वर हुकूम, "काढणीपर्यंत पाणी पाजा, जमीन तहानलीय!" सगळा कांदा शेडमध्ये सडला. मग पूकने खोरंभर सांगितलं, ओटोची श्रद्धाच किडकी. जन्मभर कांदा पिकवलेला माणूस तेव्हापासून चर्चमध्ये मागच्या बाकावर तोंड लपवून बसायचा. इर्माला पूकला नुसतं खोटं पाडायचं नव्हतं. त्याला चारचौघांत रडवायचं होतं.

तिने यंदाच्या कांद्यांचं पोतं स्टेजवर आपटलं. "मिस्टर पूक, आमच्याही कांद्यांचं दुःख ओढा की!"

"पोरी, आधी शेतात सळी रोवावी..."

"का हो? तुमच्याच पिशवीतले कांदे ओळखते वाटतं ती?"

हॉल हसला. "चिर की लेका!" मागून कोणीतरी ओरडलं. पूकने सळी फिरवली आणि सुरी चालवली. दुसऱ्याच फोडीला त्याचे डोळे भरले, मग नाकही वाहू लागलं. "श्रद्धा... कमी पडतेय..."

इर्माने आपल्या पिशवीतला दुसरा कांदा सळीशिवाय चिरून बिचेलकाकूंच्या नाकाखाली धरला. काकू कोरड्या ठणठणीत.

"बी एकच आहे. पोत्यातला कांदा आपल्या काळ्या मातीतला, गंधकाचं खत घातलेला. हा मी वाळूच्या वाफ्यात लावला, गंधकाशिवाय. गंधकामुळेच कांदा डोळ्यांना झोंबतो. हे महाशय किनाऱ्याच्या वाळूतला कांदा आणतात आणि सळी मिरवतात!"

"मग आपला सडला तो?" ओटोने हळूच विचारलं.

"पापा, माना पडल्या, पात आडवी झाली की पाणी तोडायचं, कांदा वाळवायचा, हे तुम्हीच मला शिकवलंत. याचं ऐकून पाणी पाजत राहिलात. माना जाड, ओल्या राहिल्या, सड तिथूनच शिरली. श्रद्धा नाही, पाणी चुकलं."

रांग मोडली. पूक चंबूगबाळं उचलून निघाला, तर ओटोने दार अडवलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"बस. पोतं भरलेलं आहे. प्रत्येक कांदा चिरताना माझं नाव घेऊन माफी मागायची."

माती, खत, पाणी बदललं की कांदा बदलतो. सळीने काही बदलत नाही. म्हणून सांगतो, असा कोणी दारात आला तर हात जोडू नका. आपल्या शेतातला कांदा त्याच्या हातात द्या आणि चिरायला सांगा.

पूक रडत चिरत होता. इर्मा शेजारी उभी राहून बघत होती. तिला त्याची जराही दया आली नाही.